वैनगंगेत शार्क येतो का?

दिवाळीला चार दिवस आजोळी जाऊन आलो. करडी, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा. पुण्यात हे नाव सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "करडई पिकते का तिकडे?" नाही हो, धान पिकतं. भंडारा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. वैनगंगा करडीपासून फार लांब नाही. समुद्र मात्र पूर्वेला घ्या नाहीतर पश्चिमेला, शेकडो किलोमीटर दूर. माझ्या आजीनं आयुष्यात समुद्र पाहिला नाही आणि त्याची तिला कधी खंतही वाटली नाही.

तर अशा गावात, ओसरीवर बसून, मामेभावाचा सातवीतला पोरगा मोबाईलवर एक व्हिडिओ बघत होता. परदेशातला कुणीतरी तरुण काइटसर्फर, पायाला हे एवढं बँडेज, हॉस्पिटलच्या खाटेवर बसून हसत हसत सांगतोय की शार्कनं कसा चावा घेतला आणि तो कसा वाचला. पोरानं तो तीनदा पाहिला आणि मला विचारलं,

"काकाजी, आपल्या वैनगंगेत येते का जी असा मासा?"

"नाही रे."

"काऊन?"

आता 'काऊन'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'नाही' हे मी त्याच आत्मविश्वासानं म्हटलं होतं ज्या आत्मविश्वासानं आपण ऑफिसात 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणतो. तेवढ्यात बाजेवर आडवे झालेले मोठे मामा म्हणाले, "ते राहू दे. त्या पोराले पान्याभायेर कोनं काहाडलं, ते सांगतलं का त्यानं?"

पोरानं व्हिडिओ पुन्हा लावला. नव्हतं सांगितलं. चावा, दात, रक्त, 'देवाची कृपा', सगळं होतं. बाहेर कुणी काढलं ते नव्हतं.

दोन प्रश्न डोक्यात घेऊन परत आलो आणि गेले तीन वीकेंड त्यातच गेले.

आधी ज्यांना काइटसर्फिंग ठाऊक नाही त्यांच्यासाठी. आमच्याकडे संक्रांतीला पतंग असतो, चक्री असते, 'ओ काट' असतं. काइटसर्फिंगमधला पतंग ९ ते १२ चौरस मीटरचा, म्हणजे एका लहान खोलीएवढा. त्याच्या दोऱ्या वीस-पंचवीस मीटरच्या, आणि दुसरं टोक कमरेच्या पट्ट्याला अडकवलेलं. पायाखाली फळी. वारा पतंग ओढतो, पतंग माणसाला ओढतो. ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या दोन फ्रेंच भावांनी १९८४ मध्ये हवा भरायच्या पतंगाचं पेटंट घेतलं. पाण्यात पडला तरी बुडू नये आणि पुन्हा उडवता यावा, ही त्यातली खरी अक्कल. १९९७ च्या सुमारास असे पतंग बाजारात आले आणि २०२४ मध्ये हा खेळ पॅरिस ऑलिंपिकपर्यंत (म्हणजे शर्यती झाल्या मार्सेलला) पोहोचला. आपल्याकडे रामेश्वरमला आणि गोव्यात हौशी मंडळी हे करतात.

यात एक गंमत आहे. हा खेळ माणसाला किनाऱ्यापासून खूप लांब नेतो, जिथे हाक मारली तर ऐकायला कुणी नाही. पण पतंग हवेत असेल तर फळी सुटली तरी तोच माणसाला पाण्यातून फरफटत किनाऱ्याकडे आणू शकतो. शिकवताना पहिल्या काही धड्यांत हेच शिकवतात, फळीशिवाय नुसतं ओढलं जाणं. म्हणजे ज्यानं लांब नेलं त्याच्याच दोरीवर परत यायचं. ते पोरगं असंच आलं असेल का? व्हिडिओ सांगत नाही, तेव्हा मीही पुढे काही ठोकून देत नाही.

आता पहिला प्रश्न. शार्क म्हणजे खाऱ्या पाण्यातला मासा हे आपण शाळेत शिकलो. पण बुल शार्क नावाचा एक प्रकार हा नियम पाळत नाही. शार्कच्या रक्तात युरिया साठवलेला असतो, त्यामुळे समुद्राचं खारट पाणी त्याच्या अंगातलं पाणी शोषून घेऊ शकत नाही. असा मासा गोड्या पाण्यात आला तर उलटं होतं, बाहेरचं पाणी आत शिरत राहतं. बुल शार्क त्यावर उपाय म्हणून रक्तातला युरिया आणि मीठ कमी करतो आणि मूत्रपिंडांकडून भरपूर पातळ लघवी काढून टाकतो. समुद्रात मीठ बाहेर फेकणारी त्याची शेपटाकडची ग्रंथी नदीत आल्यावर काम कमी करते. (एकच कोड दोन ऑपरेटिंग सिस्टीमवर चालवायला आम्हाला किती त्रास होतो ते आठवलं!)

१९३७ मध्ये अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ऑल्टन गावाजवळ दोन कोळ्यांना मिसिसिपी नदीत काहीतरी जाळी फाडतंय असा संशय आला. त्यांनी तारेचा सापळा लावला. सापडला पाच फुटी बुल शार्क. समुद्र तिथून हजारावर किलोमीटर. ॲमेझॉनमध्ये तर हे मासे पार पेरूतल्या इकितोसपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. आणि निकाराग्वा देशातल्या मोठ्या सरोवरात शार्क आहेत म्हणून १८७७ मध्ये त्यांना वेगळी, फक्त त्याच सरोवरातली जात असं नाव देऊन लोक मोकळे झाले होते. पुढे थॉर्सन नावाच्या शास्त्रज्ञानं शार्कना बिल्ले लावून सोडले. सरोवरात बिल्ला लावलेला मासा समुद्राकडे सापडला आणि समुद्राकडचा सरोवरात. मधल्या सान हुआन नदीतून त्यांचं येणंजाणं चालू होतं. वेगळी जात वगैरे काही नव्हती.

म्हणजे 'गोडं पाणी आहे म्हणून शार्क नाही' हे माझं उत्तर साफ चूक ठरलं असतं.

मग वैनगंगा? मध्य प्रदेशात शिवनी जिल्ह्यात उगम, बालाघाटवरून खाली गोंदिया, भंडारा, पुढे चंद्रपूर आणि गडचिरोलीची हद्द. तिथे वर्धा मिळाली की नाव बदलतं, प्राणहिता. सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी राजमहेंद्रीवरून बंगालच्या उपसागराला. कागदावर रस्ता आहे! उलट दिशेनं पोहत यायचं म्हटलं तर मार्ग सलग आहे. अंतरही ऑल्टनच्या शार्कला पाहता अशक्य कोटीतलं नाही.

पण १८४७ ते १८५२ या काळात आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनियरनं राजमहेंद्रीच्या खाली धवळेश्वरमला गोदावरीवर बंधारा बांधला. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातले लोक आजही त्याला देवासारखं मानतात, कारण त्यानं दुष्काळी मुलखाचं भाताचं कोठार केलं. समुद्रातून वर येणाऱ्या माशांसाठी मात्र ती भिंत झाली. पावसाळ्यात समुद्रातून गोदावरीत चढणारा हिलसा, ज्याला तिकडे पुलसा म्हणतात आणि ज्याच्यासाठी लोक हजारो रुपये मोजतात, तो याच बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला धरतात. त्यानंतर वाटेत आणखी किती अडथळे! मेडिगड्डाचा बंधारा, गडचिरोलीत चिचडोह, आणि आमच्याच जिल्ह्यात पवनी तालुक्यात गोसीखुर्द, ज्याचं भूमिपूजन राजीव गांधींनी १९८८ मध्ये केलं. करडी गोसीखुर्दच्याही वरच्या अंगाला.

तर पोराला फोन करून सांगितलं. शार्क येत नाही, पण तो गोड्या पाण्याला घाबरतो म्हणून नव्हे, मधे दारं बंद आहेत म्हणून. पोरगं निराश झालं. त्याला यायला हवा होता.

जिथे दारं बंद नाहीत तिथे काय होतं हे पाहायला लांब जायला नको. फ्रान्सिस डे या इंग्रज मत्स्यतज्ज्ञानं १८७० च्या दशकात भारतातल्या माशांवर मोठा ग्रंथ लिहिला. गंगेतला शार्क कलकत्त्याला हुगळीत आंघोळ करणाऱ्यांना चावतो हे त्यात नोंदवलेलं आहे. खरा 'गंगेचा शार्क' म्हणून जी जात ओळखली जाते ती फार दुर्मिळ, आणि तिच्या नावावर जमा झालेल्या चाव्यांपैकी बरेचसे बुल शार्कचेच असावेत असं आजच्या अभ्यासकांना वाटतं. नावात गंगा असल्यामुळे बिचारी बदनाम झाली.

आणि महाराष्ट्रात? फेब्रुवारी २०२४. पालघर जिल्ह्यात मुंबई-अहमदाबाद हायवेवर मनोर गाव आहे. वीकेंडला तिकडे गेला असाल तर पुलावरून वैतरणेची खाडी पाहिलीही असेल. त्र्यंबकेश्वरच्या बाजूला उगम पावणारी वैतरणा, तिथपर्यंत भरतीचं पाणी चढतं. डोंगरी भागात मासेमारीसाठी पाण्यात उतरलेल्या एका आदिवासी तरुणाच्या पायाचा शार्कनं लचका तोडला. लोकांनी त्याला बाहेर काढलं, आधी मनोरच्या दवाखान्यात नेलं आणि तिथून सिल्वासाला. मासा बुल शार्क होता आणि तोही नंतर मेला. दोन दिवस टीव्हीवर 'पालघरमध्ये शार्कचा थरार' चाललं. मोठ्या माशाची क्लिप व्हॉट्सॲपवर मलाही आली होती, तुम्हालाही आली असेल. त्या क्लिपमध्ये मासा होता. ज्यांनी माणसाला उचलून नेलं ते नव्हते. मामांचा प्रश्न तेव्हा मला सुचला नव्हता.

(बुल शार्कच्या माद्या पिलं द्यायला खाडीच्या मचूळ पाण्यात येतात. तिथे मोठे शार्क कमी, म्हणून पिलं सुरक्षित. म्हणजे खाडीत शार्क 'घुसला' असं आपण म्हणतो, ते त्यांचं माहेर असतं. आणि मालवणी हॉटेलात मोरीचं मटण चापणाऱ्या आपण माणसांनी शार्कच्या क्रौर्यावर बोलावं का, हाही एक प्रश्न आहेच. असो.)

आकडेही पाहून घेऊ. जगभरच्या शार्कच्या चाव्यांची नोंद १९५८ पासून ठेवली जाते, ती वही सध्या फ्लोरिडाच्या विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. माणसानं डिवचलेलं नसताना झालेले चावे २०२३ मध्ये ६९ होते आणि २०२४ मध्ये ४७. अख्ख्या पृथ्वीवर! यांतले बहुतेक जण वाचतात. म्हणजे 'वाचला' ही बातमी अपवादाची नाही, तोच नियम आहे. मग वाचवतं काय?

इथे मला एक जुना पोरगा भेटला. ब्रुक वॉटसन. इंग्लंडातल्या प्लिमथचा, लहानपणीच आईबाप गेले, बोस्टनला नातेवाइकांकडे पाठवला गेला आणि तिथून जहाजावर लागला. १७४९ मध्ये जहाज हवानाच्या बंदरात उभं होतं. चौदा वर्षांचा वॉटसन एकटाच पोहायला उतरला. शार्कनं पहिल्या फेरीत उजव्या पायाच्या पोटरीचं मांस नेलं, दुसऱ्या फेरीत घोट्यापासून पाऊल. तिसऱ्या फेरीला त्याच्या आणि माशाच्या मधे एक होडी आली. कप्तानाला किनाऱ्यावर न्यायला खलाशी छोट्या होडीत बसून त्याची वाट बघत होते. ते तिथे वॉटसनसाठी नव्हतेच. कप्तान वेळेवर निघाला असता तर होडी गेलेली असती.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. १७४९ म्हणजे काय ते जरा डोळ्यांपुढे आणा. भूल द्यायची पद्धत बोस्टनच्या हॉस्पिटलात जगापुढे आली १८४६ मध्ये, अजून जवळपास शंभर वर्षं होती. जखमेत जंतू जातात हे ओळखून लिस्टरनं शस्त्रक्रियेत कार्बोलिक वापरल्याचं प्रसिद्ध केलं १८६७ मध्ये. रक्तगट कळले १९०१ मध्ये. हातात होतं ते एवढंच: करवत, दारू, आणि झालंच तर झां-लुई पेती या फ्रेंच सर्जननं १७१८ च्या सुमारास केलेला, स्क्रूनं आवळायचा पट्टा. तीन महिन्यांत पोरगा हवानाच्या हॉस्पिटलातून लाकडी पाय लावून बाहेर पडला!

पुढची गोष्ट एखाद्या हिंदी सिनेमासारखी आहे. बोस्टनला परत आला तर काकाचं दिवाळं निघालेलं. कॅनडाच्या बाजूला जाऊन ब्रिटिश फौजेला रसद पुरवायच्या धंद्यात शिरला, मग लंडनला मोठा व्यापारी, बँक ऑफ इंग्लंडचा संचालक, खासदार, आणि १७९६ मध्ये लंडनचा लॉर्ड मेयर. उमरावकी मिळाली तेव्हा आपल्या मानचिन्हावर त्यानं शार्कपासून वाचवणारा समुद्रदेव आणि तुटलेला पाय काढून घेतला.

बोस्टनचाच चित्रकार जॉन सिंगलटन कोप्ली याच्याकडून ती घटना रंगवून घेतली गेली, ते 'वॉटसन आणि शार्क' हे चित्र १७७८ मध्ये लंडनला मांडलं आणि कोप्लीचं नाव झालं. मूळ चित्र आज वॉशिंग्टनला आहे. मासा मात्र चुकलाय. शार्कला ओठ काढलेत! चित्रकारानं जिवंत शार्क पाहिलेला नसावा हे कुणालाही कळेल. होडीतली माणसं मात्र खरी वाटतात. नऊ जण आहेत आणि सगळ्यांच्या वर मधोमध एक कृष्णवर्णीय खलाशी उभा, त्याच्या हातात पोरासाठी फेकलेली दोरी. अठराव्या शतकातल्या चित्रात ही जागा अशा माणसाला मिळणं साधी गोष्ट नव्हती.

आणि आता वॉटसनबद्दल एक कटू गोष्ट सांगितलीच पाहिजे. १७९१ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात गुलामांचा व्यापार बंद करायचा ठराव आला तेव्हा हाच वॉटसन विरोधात बोलला. एक कारण काय दिलं, तर न्यूफाउंडलंडची मासेमारी बुडेल, कारण इतर कुणी खाणार नाही असे टाकाऊ मासे वेस्ट इंडीजमधले गुलामच खातात. हवानाच्या पाण्यातून ज्याला इतरांच्या हातांनी ओढून काढलं तो हा माणूस. मी हे वाचलं त्या दिवशी पुढचं वाचावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुढे गेलो ते १९१६ च्या जुलैत. अमेरिकेच्या न्यूजर्सी किनाऱ्यावर त्या महिन्यात १२ दिवसांत शार्कनं पाच जणांना चावे घेतले, त्यातले चार गेले. तोवर अमेरिकेत समजूत अशी की थंड प्रदेशात शार्क माणसाला चावतच नाही. हर्मन ओल्रिक्स नावाच्या एका धनिकानं १८९१ मध्ये तसा चावा सिद्ध करून दाखवणाऱ्याला ५०० डॉलरचं बक्षीसही लावलं होतं. १२ जुलैला मटावान या गावातल्या खाडीत, समुद्रापासून चांगल्या काही मैलांवर, निवृत्त कप्तान कॉट्रेलनं पुलावरून काळी आकृती वर जाताना पाहिली. धावत गावात जाऊन त्यानं सांगितलं. लोक हसले. खाडीत कुठला शार्क! त्याच दुपारी एक लहान मुलगा गेला आणि त्याला शोधायला उतरलेला तरुणही गेला. अर्ध्या तासात जोसेफ डन या पोराचा पाय माशानं धरला. भाऊ आणि सोबत्यांनी एका बाजूनं ओढलं, मासा दुसऱ्या बाजूनं. रस्सीखेच. पोरगा सुटला, पाय कापावा लागला नाही आणि सप्टेंबरमध्ये तो घरी गेला. पुढे १९७५ मध्ये 'जॉज' आला आणि जगाला शार्कची भीती बसली. रस्सीखेचीवर कुणी सिनेमा काढला नाही.

बेथनी हॅमिल्टनवर मात्र निघाला, २०११ मध्ये. ती काइटसर्फर नव्हे, सर्फर. ३१ ऑक्टोबर २००३, हवाईतलं काउआई बेट, वय १३. फळीवर पालथी पडून डावा हात पाण्यात सोडलेला, टायगर शार्कनं तो खांद्याजवळून नेला. सोबत मैत्रीण होती आणि तिचे वडील. त्यांनी सर्फबोर्डची दोरी खांद्याखाली आवळून बांधली आणि तिला किनाऱ्यावर आणलं. तिचं साठ टक्क्यांच्या आसपास रक्त गेलं होतं. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त. मोठी रोहिणी तुटली तर काही मिनिटांत खेळ संपतो, म्हणजे ॲम्ब्युलन्सचा नंबर लावून पत्ता समजावून सांगेपर्यंत. बेथनी २६ दिवसांनी पुन्हा समुद्रात उतरली, हे सगळे सांगतात. मला त्या मैत्रिणीच्या बापाची दोरी जास्त आठवते.

आता दोरीचं. मामांचा प्रश्न उगाच नव्हता. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली नाही. शार्क नव्हे, साप. मी जन्माला यायच्या आधीची गोष्ट, रोवणीचे दिवस. बांधीत चिखलात उभे असताना घोट्यापाशी चावला. बांधावरच्या लोकांनी जे तेव्हा सगळे करायचे तेच केलं, धोतर फाडून मांडीला करकचून आवळलं, वर सुतळी. आधी झाडफूक, मग बैलगाडी, मग मिळेल ती गाडी. दवाखान्यात पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली. जीव वाचला, पण खाली पाय काळा पडला होता. विषानं किती गेला आणि सुतळीनं किती, ते कोण सांगणार? मामा स्वतः म्हणतात, "बांधणाऱ्यायची चूक नाही गा, त्यायनं तं मले धरून ठेवलं."

आजचं वैद्यकशास्त्र या बाबतीत स्पष्ट आहे. साप चावला तर आवळून बांधायचं नाही. पाय हलू द्यायचा नाही, झाडफुकीत वेळ घालवायचा नाही, सरळ सरकारी दवाखाना आणि प्रतिविष. घोणसासारख्या सापाचं विष जागेवरच मांस कुजवतं, तिथे रक्त अडवलं तर नुकसान वाढतं. पण रक्ताची चिळकांडी उडत असेल, मग ती शार्कनं उडवलेली असो, थ्रेशर मशीननं नाहीतर ट्रकनं, तर नेमकं उलट. जखम हातानं जोरात दाबून धरायची आणि हातापायाचं रक्त तेवढ्यानं थांबत नसेल तर जखमेच्या वर पट्टा आवळायचा, आवळल्याची वेळ लिहून ठेवायची आणि दोनेक तासांच्या आत सर्जन गाठायचा. पट्टा आवळणं मधे बरीच वर्षं वाईट मानलं जायचं. इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत वेळेवर आवळलेल्या पट्ट्यांनी जीव वाचल्याचं दिसलं तेव्हा मत पालटलं, आणि २०१५ मध्ये अमेरिकेत सामान्य लोकांना हे शिकवायची 'स्टॉप द ब्लीड' मोहीम सुरू झाली. आपल्याकडे २०१४ पासून १०८ ची ॲम्ब्युलन्स आहे. तोपर्यंतची मिनिटं मात्र जो शेजारी उभा आहे त्याचीच. नागपुरात दर संक्रांतीला नायलॉन मांजानं गळे कापले जातात (राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये बंदी घातली तरी), तिथे तर पट्टाही चालत नाही, फक्त दाबून धरलेला हात.

एकच दोरी. सापाच्या जागी पाय घेते, शार्कच्या जागी जीव देते. आमच्या गावात सगळ्यांना बांधता येतं, कधी बांधायची नाही हे फार थोड्यांना माहीत आहे. पुण्यात आमच्या ऑफिसात फायर ड्रिल दर सहा महिन्यांनी होतं. रक्त कसं थांबवायचं हे विचारलं तर आमच्या मजल्यावरच्या चाळीस जणांपैकी एकालाही, माझ्यासकट, नीट सांगता आलं नाही.

मामांचा आताचा पाय जयपूरचा आहे. डॉ. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास जयपूरला घडवलेला, रबराचा, ज्यावर उकिडवं बसता येतं आणि अनवाणी चिखलात उतरता येतं. वॉटसनच्या लाकडी पायापेक्षा पुष्कळच बरा. मामा त्यावर अजून बांधीत जातात.

गेल्या रविवारी पुन्हा करडीला गेलो होतो तेव्हा कोप्लीचं ते चित्र मोठं प्रिंट करून नेलं. पोरानं आधी मासा पाहिला आणि 'असा नसते शार्क' म्हणून निकाल दिला. मामांनी चष्मा लावला. बराच वेळ बघत होते. दोरीवाल्यावर बोट ठेवून म्हणाले, "यानं फेकली बराबर, पन पोराच्या हातात गावली नाही." मी पाहिलं, खरंच की, दोरी वॉटसनच्या दंडावरून नुसती लोंबतेय. दोन जण होडीबाहेर वाकून हात लांब करताहेत, ते आत्ता पडतील की मग अशी अवस्था. मग मामांचं बोट त्यांच्यामागे थांबलं. तिथे एक टकलू म्हातारा आहे, इतक्या दिवसांत मी त्याच्याकडे धड पाहिलंही नव्हतं. त्यानं वाकलेल्या एकाचा सदरा मुठीत घट्ट धरलाय.

"हा बुढा पाहा," मामा म्हणाले. "याचा हात पोरालोक जात नाही. म्हून जो पोराले धराले गेला, त्याले धरून हाये."

प्रिंट त्यांनी ठेवून घेतलं. ओसरीत, धानाच्या पोत्यांच्या वर, खिळ्याला लावलंय.